लाइट आली आणि दोन नंबर आपोआप फिरला: मोबाइलवरून पंप चालवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर एक कारखाना आहे. त्याला लागणारं सगळं पाणी कन्हान नदीतून येतं. कारखान्याचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. यंत्रांचं आणि आमच्या चुकांचं मात्र जसं घडलं तसंच लिहितो आहे.

नदीपात्रात जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, आहे आणि त्यावर प्रत्येकी शंभर एचपीचे तीन व्हर्टिकल टर्बाइन पंप आहेत. दोन चालतात, तिसरा राखीव. तिथून चारेक किलोमीटरची रायझिंग मेन, म्हणजे पाणी चढवणारी मुख्य पाइपलाइन, कारखान्याच्या टाकीपर्यंत जाते. पॅनल रूम पुराचं पाणी लागू नये म्हणून काठावर, उंचावर बांधलेली आहे. तिथून जॅकवेलवर जायचं तर लोखंडी पूल ओलांडावा लागतो. म्हणजे पंप एका जागी आणि त्याचं बटण दुसऱ्या जागी, मध्ये साठेक मीटर. हे अंतर लक्षात असू द्या.

कारखान्यात टाकी खाली जाऊ लागली की शिफ्ट इंचार्ज जॅकवेलवर फोन करायचा, तिथला ऑपरेटर पंप लावायचा. टाकी भरली की परत फोन. रात्री फोन उचलला गेला नाही तर कधी टाकी वाहायची, कधी कोरडी पडायची. पावसाळ्यात तर नेटवर्कचं काही खरं नसे. मॅनेजरांना हा सगळा फोनाफोनीचा व्याप संपवायचा होता. हिंगणा एमआयडीसीतल्या एका पॅनल बनवणाऱ्याकडे त्यांनी पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आणि गेटवे (त्याला इंटरनेटशी जोडणारी पेटी) यांचं काम दिलं. त्याने मोबाइल अ‍ॅपचं काम आमच्याकडे सोपवलं. आम्ही म्हणजे तिघं. एक सर्व्हर बघणारा, एक अ‍ॅप लिहिणारी आणि स्क्रीन आखणारा मी. तोवर आम्ही डिलिव्हरीची, दवाखान्याच्या नंबरांची, एका लॉनच्या बुकिंगची अ‍ॅपं केली होती. शंभर एचपीची मोटर आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलेली नव्हती.

आम्ही काय बनवलं

पहिल्या बैठकीत मॅनेजर म्हणाले, "व्हॉट्सअ‍ॅपसारखं पाहिजे. नेट नसलं तरी बटण दाबता आलं पाहिजे, नेट आलं की मेसेज आपोआप गेला पाहिजे." आम्हाला हे फारच आवडलं, कारण हे आम्हाला येत होतं. फोनमध्ये रांग ठेवायची, जोडणी आली की रांगेतलं पुढे ढकलायचं. बटण दाबलं की वाट न बघता स्क्रीनवर लगेच 'चालू' दाखवायचं आणि उत्तर नंतर आलं की जुळवून घ्यायचं. अ‍ॅप चपळ वाटतं. लाइकच्या बटणाला हे शोभतं.

रचना अशी होती. फोनवरून सर्व्हर, सर्व्हरवरून जॅकवेलच्या पॅनल रूममधला फोर-जी सिमवाला गेटवे, गेटवेपासून मॉडबसवर (औद्योगिक यंत्रं आपसात बोलतात ती भाषा) पीएलसी आणि पीएलसीपासून स्टार्टर. सर्व्हर आणि गेटवे यांच्यात एमक्यूटीटी. हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्गे नजर ठेवण्यासाठी बनला. तुटक, महागड्या जोडणीवर निरोप हरवू नयेत हीच त्याची खुबी. कन्हानच्या काठासाठी याहून योग्य काय असणार, असं आम्हाला वाटलं. गेटवे बंद असला तरी त्याच्यासाठीचे निरोप ब्रोकरने, म्हणजे मधल्या निरोप वाटणाऱ्या प्रोग्रामने, धरून ठेवावेत अशी सेटिंग आम्ही केली. तो जागा झाला की त्याच्या पदरात टाकावेत. एकही निरोप वाया जाणार नाही, असं आम्ही प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

त्याच प्रेझेंटेशनमध्ये 'वापरणारे' या मथळ्याखाली चार जण होते: शिफ्ट इंचार्ज, पंप ऑपरेटर, मेंटेनन्स इंजिनियर, मॅनेजर. फिटर त्यात नव्हता. त्याच्याकडे कंपनीचा फोन नव्हता, तो अ‍ॅप उघडणार नव्हता, मग तो 'वापरणारा' कसा?

उन्हातली चाचणी

मे महिन्यात पहिली आवृत्ती घेऊन आम्ही नदीवर गेलो. पारा पंचेचाळिसाच्या पुढे होता. आयटी पार्कजवळच्या आमच्या ऑफिसात झकास दिसणारा फिकट राखाडी मजकूर पुलावर दिसेचना. त्यात फोन तापला की स्वतःच उजेड कमी करतो. ज्या उन्हात जास्त उजेड हवा, त्याच उन्हात तो कमी होतो. हातमोजे घातले तर स्क्रीन दाद देत नाही, आणि काढले तर घामाच्या थेंबाने नको ते बटण लागतं. बटणं मोठी केली, मजकूर काळा आणि जाड केला, हे लवकर सुटलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

रंगांचं लवकर सुटलं नाही. आम्ही पंप चालू असताना हिरवा ठिपका आणि बंद असताना लाल ठिपका ठेवला होता. जगातल्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये असतो तसा. वायरमनने फोन बघितला आणि म्हणाला, "हिरवा हाय म्हणजे बंदच हाय ना साहेब." आम्हाला वाटलं त्याला कळलं नाही. मग त्याने पॅनलकडे बोट केलं. आपल्याकडच्या विजेच्या पॅनलवर लाल दिवा म्हणजे सप्लाय चालू, सांभाळून. हिरवा म्हणजे बंद, हात लावायला हरकत नाही. आणि त्याच पॅनलवर खाली स्टार्टचं बटण हिरवं, स्टॉपचं लाल! दिवा आणि बटण एकमेकांच्या उलट. वीस वर्षं ज्याने हा पॅनल वाचला त्याच्या डोक्यात कसलाच गोंधळ नाही. गोंधळ आमच्या ठिपक्याने घातला होता.

शब्दांचंही तेच. आमच्या बटणावर लिहिलं होतं 'चालू'. ही स्थिती आहे की हुकूम? पंप चालू आहे, की दाबल्यावर चालू होईल? 'बंद'ची तर तीन टोकं: थांबवा, थांबलेला आहे आणि बंद पडलाय म्हणजे बिघडलाय. इंग्रजी स्क्रीनचे शब्द उचलून मराठी केले की हे लक्षात येत नाही, कारण तिथे स्टार्ट आणि रनिंग हे मुळात वेगळे शब्द आहेत. ऑपरेटर मंडळी आपसात काय बोलतात ते कान देऊन ऐकलं. "एक नंबर फिरून राहिला", "तीन नंबर ट्रिप मारला", "दोन लावू का?" यातूनच शब्द उचलले. स्थितीसाठी 'फिरतोय', 'थांबलाय', 'ट्रिप'. हुकुमासाठी 'लावा', 'थांबवा'. रंगावर भिस्त नाही. सोबत अँपिअरचा आकडा. त्याच्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास. मोटर फिरते आहे की नाही ते आकडा सांगतो. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, ओढला गेलाय एवढ्यावरून पाणी येतंय असं होत नाही.

ही चाचणी चांगली झाली असं आम्हाला तेव्हा वाटलं, आणि झालीही होती. पण तीन दिवसांत पुलाच्या पलीकडे आम्ही फार तर तासभर होतो. बाकी वेळ पॅनल रूममध्ये, कूलरसमोर.

ऑगस्टमधली संध्याकाळ

जुलैत अ‍ॅप सुरू झालं. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी साडेचारच्या सुमारास जॅकवेलची लाइट गेली. कारखान्यात शिफ्ट इंचार्जला ते लगेच कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं की टाकी खाली जाते आहे. त्याने दोन नंबरवर 'लावा' दाबलं. चक्र फिरत राहिलं. परत दाबलं. यावेळी बाजूला बरोबरची खूण आली. ती खूण 'सर्व्हरला पोचलं' एवढंच सांगत होती, पण ते फक्त आम्हाला माहीत होतं.

पाणी वाढेना म्हणून त्याने जुन्या सवयीने जॅकवेलवर फोन केला. ऑपरेटर म्हणाला, लाइट नाही, आणि तसंही दोन नंबरची ग्लँड (शाफ्टभोवती पॅकिंग भरून पाणी अडवणारा भाग) फार गळते आहे. लाइट येईपर्यंत फिटर पॅकिंग बदलून घेतो. इंचार्ज बरं म्हणाला. आपण बटण दाबून ठेवलंय हे त्याच्या डोक्यातून गेलं. जाणारच. ज्या बटणाने काही झालंच नाही ते कोण लक्षात ठेवतं?

फिटर पन्नाशी ओलांडलेला, सगळे त्याला काका म्हणतात. दोन नंबरची ग्लँड त्याने खोलली, जुनं पॅकिंग निम्मं उपसलं. पॅनलवरचा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच, कोणी पाडलेला नव्हता. "लाइटच नाही त काय बंद करायचं?" हे वाक्य नंतर चौकशीत तिघांच्या तोंडून ऐकलं. लाइट आली की पाडू, असं ठरलं होतं.

सहाच्या पुढे लाइट आली. ऑपरेटर पुलावरून पॅनल रूमकडे निघाला. काकांनी पॅकिंग उपसायचा आकडा ग्लँडमध्ये तसाच अडकवून ठेवला आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटत कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. दरम्यान पॅनल रूममध्ये गेटवे जागा झाला, त्याला रेंज मिळाली आणि ब्रोकरने दीड तास इमानदारीने जपून ठेवलेला हुकूम त्याच्या हाती दिला. दोन नंबर फिरला. आकडा उडून पत्र्यावर आदळला, अर्ध्या रिकाम्या ग्लँडमधून पाण्याचा फवारा छताला लागला. ऑपरेटर तेव्हा पुलाच्या मध्यावर होता. धावत जाऊन त्याने पॅनलवरचं लाल मश्रूम बटण, तातडीने थांबवायचं, ठोकलं.

कोणालाही काही झालं नाही. पत्र्याला बोटभर खोल खड्डा पडला, तो अजून आहे. खर्र्याने जीव वाचवला असं काका आजही सांगतात, आणि मला त्यावर हसू येत नाही.

नेमकं कुठे चुकलं

चौकशी पॅनलवाल्याने, कारखान्याच्या इलेक्ट्रिकल इंजिनियर मॅडमनी आणि आम्ही मिळून केली. आधी सगळ्यांचा रोख आयसोलेटरकडे होता. तो पाडायलाच हवा होता, यात वाद नाही. तेव्हाच्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २४ मध्येच होतं की वीज तोडणारं साधन चुकून 'बंद'वरून 'चालू'वर सरकू शकत असेल, तर ते बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी. जुनंच शहाणपण.

पण मॅडमनी विचारलं, "पूर्वी लाइट गेल्यावर हीच माणसं असंच काम करत होती ना? मग तेव्हा काही का झालं नाही?"

उत्तर स्टार्टरमध्येच होतं. लाइट गेली की कॉन्टॅक्टरची कॉइल सुटते. लाइट परत आली तरी तो आपण होऊन ओढला जात नाही; माणसाने पुन्हा बटण दाबावं लागतं. न बोलता काम करणारं हे संरक्षण दर वेळी त्यांच्या पाठीशी होतं. 'लाइट नाही म्हणजे मोटर सुरू होणार नाही, आणि आली तरी लगेच होणार नाही' हा त्यांचा अनुभव खरा होता. आमच्या रांगेने तो खोटा पाडला. काकांनी ते एका वाक्यात सांगितलं: "आमच्या वावरातल्या ऑटोसारखं केलं ना तुमी."

विदर्भात ज्याच्या शेतात पंप आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवतात; लाइट आली की मोटर आपोआप सुरू. सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मर बसतो, म्हणून ते काढा असं वीज कंपनी सांगत असते. आम्ही शंभर एचपीला तोच ऑटो बसवला होता. फरक इतकाच की शेतातला ऑटो डोळ्यांना दिसतो. आमचा सर्व्हरमध्ये होता.

आमचा सर्व्हरवाला पहिले दोन दिवस म्हणत होता की ही एमक्यूटीटीची चूक आहे. तसं नव्हतं. आम्ही वापरत असलेल्या ३.१.१ आवृत्तीत निरोपाला मुदत घालायची सोय नाही. ती २०१९ च्या पाचव्या आवृत्तीत आली. पण निरोप धरून ठेव हे आम्हीच सांगितलं होतं. टाकीची पातळी हरवू नये हे ठीक. 'पंप लावा' हा निरोप उशिरा पोचण्यापेक्षा हरवलेला बरा. दोन्ही आम्ही एकाच पोत्यात भरले होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मी मांडला: दुरून लावणं बंदच करायचं. फोनवरून फक्त बघायचं आणि थांबवायचं. लावायचं ते जॅकवेलच्या माणसाने, पॅनलवरून. मॅनेजरांनी तो लगेच नाकारला. मग पैसे कशाला घातले, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. रात्रपाळीचा ऑपरेटर एकटा असतो, पुरात पुलावरून पॅनल रूमपर्यंत येणं हाही धोकाच आहे.

दुसरा पर्याय पॅनलवाल्याचा: फोन नकोच, कारखान्यात भिंतीवर पक्का पॅनल आणि जॅकवेलपर्यंत ऑप्टिकल फायबर. माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात भक्कम होता. चार किलोमीटर खोदाई, मध्ये दुसऱ्यांची शेतं, परवानग्या. तो 'पुढच्या वर्षी' या खात्यात गेला आणि अजून तिथेच आहे.

तिसरा मॅडमचा: दुरून लावणं ठेवा, पण यंत्राजवळच्या माणसाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, आणि ते 'नाही' तारेचं हवं, सॉफ्टवेअरचं नको. शेवटी याच वाटेने गेलो. मी तेव्हा नाराज होतो. आजही वाटतं की पहिले सहा महिने तरी माझा पर्याय चालवून बघायला हवा होता. पण मॅडमच्या मुद्द्यात एक गोष्ट होती जी माझ्यात नव्हती. माझ्या पर्यायातही पॅनल रूममधला ऑपरेटर पलीकडे कोण आहे हे न बघता बटण दाबू शकत होता. साठ मीटरचं अंतर माझ्या आखणीत आलंच नव्हतं.

काय केलं

जॅकवेलवर, प्रत्येक पंपाशेजारी, किल्लीचा सिलेक्टर स्विच बसवला: लोकल, बंद, रिमोट. 'बंद'वर असला की कॉइलचं सर्किटच तुटतं. पीएलसीने काहीही म्हटलं तरी मोटर उठत नाही. किल्ली फक्त 'बंद'वर असताना निघते. काम करणाऱ्याने ती खिशात घालायची. आयसोलेटरला कुलूप आणि पाटी हे वेगळं, ते टळत नाही. स्क्रीनवर त्या पंपाचं 'लावा' बटण नाहीसं होतं आणि तिथे येतं 'किल्ली काढलेली आहे. जॅकवेलवर काम चालू.' हे वाक्य काकांनी सांगितलेलं आहे. आम्ही 'रिमोट अनुपलब्ध' लिहिलं होतं.

दुरून 'लावा' आलं की आधी दहा सेकंद जॅकवेलवर भोंगा आणि फिरता दिवा. भोंगा पीएलसी वाजवतो, अ‍ॅप नाही. मागे पडणाऱ्या पाण्याचंही बंधन पीएलसीतच घातलं. व्हर्टिकल पंप थांबल्यावर कॉलममधलं पाणी खाली उतरताना शाफ्ट उलटा फिरू शकतो, आणि तेवढ्यात पुन्हा लावला तर शाफ्ट तुटू शकतो. पहिल्या आवृत्तीत हा थांबायचा वेळ अ‍ॅप मोजत होतं. म्हणजे दुसऱ्या फोनवरून दाबलं तर कोणीच मोजत नव्हतं.

हुकुमाच्या मुदतीत आम्ही पुन्हा एकदा तोंडावर आपटलो. फोनची रांग काढली, ब्रोकरची साठवण काढली, आणि हुकुमावर वेळ छापून पाच सेकंदांहून जुना असेल तर गेटवेने फेकावा असं केलं. टेबलावर चाललं. जॅकवेलवर लाइट घालवून परत आणली, तर गेटवेच्या घड्याळात १ जानेवारी १९७०! त्यात बॅटरी नव्हती. नेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याच्या हिशेबी आमचा हुकूम अर्धशतक भविष्यातला होता, म्हणजे जुना नव्हताच, म्हणजे चालेल. नशीब त्या वेळी सिलेक्टर 'बंद'वर होता आणि आम्ही सगळे कठड्यापाशी.

मग घड्याळांवरचा भरवसाच सोडला. आता 'लावा' दाबलं की फोन आधी गेटवेला विचारतो. गेटवे एक ताजा आकडा देतो आणि स्वतःच्या स्टॉपवॉचवर आठ सेकंद मोजतो. तेवढ्यात तोच आकडा परत आला तर हुकूम खरा. गेटवे झोपलेला असेल तर आकडाच मिळत नाही, आणि स्क्रीन सांगते, 'जॅकवेलशी बोलणं होत नाही. पंप लागलेला नाही. फोन करा.' शेवटच्या दोन शब्दांवर मॅनेजर नाखूश होते. फोन संपवायलाच तर अ‍ॅप घेतलं होतं.

स्क्रीनवर दाबल्याबरोबर काहीही बदलत नाही. टप्पे दिसतात: विचारतोय, भोंगा वाजतोय, अँपिअर आले. अँपिअर आल्याशिवाय 'फिरतोय' नाही. आणि माहिती जुनी झाली की आकड्यांवर आडव्या रेघा येतात, वर 'शेवटची खबर १२ मिनिटांपूर्वी'. पूर्वी चाळीस मिनिटं जुना 'चालू' आणि आत्ताचा 'चालू' एकसारखाच दिसायचा.

सेन्सरच्या आकड्यांनाही शंका घ्यायला शिकवलं. नागपूरकरांना वेगळं उदाहरण द्यायची गरज नाही. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. आमच्या टाकीची पातळी एका मिनिटात दोन मीटर खाली गेली तर अ‍ॅप आता 'टाकी रिकामी' म्हणून ओरडत नाही, 'पातळीचा आकडा पटत नाही' म्हणतं.

एक गोष्ट काढून टाकली, त्याबद्दल बराच वाद झाला. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक स्क्रीनवर लाल गोल 'इमर्जन्सी स्टॉप' होता. दिसायला छान, विकायलाही छान. पण इमर्जन्सी स्टॉप म्हणजे दाबला की थांबलंच पाहिजे. आयएसओ १३८५० हे मानक त्याचसाठी आहे, आणि बिनतारी नियंत्रणासाठी आयईसी ६२७४५ हे २०१७ चं वेगळं मानक आहे. साधा फोन आणि फोर-जी यातल्या कशातच बसत नाही. रेंज गेली की ते बटण म्हणजे चित्र. घाबरलेला माणूस चित्राकडे धावला तर पॅनलवरच्या खऱ्या मश्रूमपर्यंत पोचायला उशीर होतो. आता नुसतं 'थांबवा' आहे, एका दाबात, काही न विचारता. आणि नवीन खरे मश्रूम जॅकवेलवर लावले, प्रत्येक पंपाजवळ एक. याचा खर्च आमच्या तीन महिन्यांच्या बिलापेक्षा कितीतरी कमी होता. मला ते जरा लागलं.

पुढे काय झालं

त्यानंतर अजून एक पावसाळा गेला. टाकी वाहण्याच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. दोनदा लाइट आल्यावर जुना हुकूम मेलेला नोंदवहीत दिसला. तिसऱ्यांदा तीन नंबरवर किल्ली काढलेली असताना कोणीतरी 'लावा' शोधत बसला होता, आणि ते वाक्य वाचून त्याने फोन केला.

फोनाफोनी मात्र संपली नाही. इंचार्ज आजही दुरून लावण्याआधी जॅकवेलवर विचारतात, "लावू का दोन?" मॅनेजरांना यात अ‍ॅपचं अपयश दिसतं. मला दिसत नाही. म्हणून मी त्यांना सुचवलं की तिथे फोनच्या चित्राचं एक मोठं बटण ठेवू, थेट जॅकवेलचा नंबर लागेल असं. ते आता सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण आहे.

न सुटलेलंही बरंच आहे. पाळी बदलताना फोन हातोहात जातो, लॉगिन तेच राहतं. नोंदवहीत 'इंचार्ज' दिसतो, कोणता ते दिसत नाही. प्रत्येकाला पिन दिला, तर तो फोनच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला सापडला. हे आमचं आखण्यात चुकलं की त्यांचं वागण्यात, यावर आमच्या तिघांतच एकमत नाही.

आज हे काम आलं तर

पहिल्या दिवशी बटण कोण दाबणार हे विचारण्याआधी त्या यंत्रात हात कोण घालतो हे विचारीन. आमच्या यादीतले चारही जण पुलाच्या अलीकडचे होते. ज्याच्यावर अ‍ॅपचा सगळ्यात मोठा परिणाम होणार होता त्याने ते आजवर उघडलेलं नाही, उघडायचं कारणही नाही. त्याच्यासाठी आखायची वस्तू स्क्रीनवर नव्हती, ती किल्ली आणि भोंगा होती.

दुसरं, "व्हॉट्सअ‍ॅपसारखं" हा शब्द ऐकल्यावर तिथेच थांबून विचारीन की कोणता निरोप उशिरा पोचलेला चालेल आणि कोणता नाही. दहा मिनिटांचं काम होतं. ते त्या बैठकीत कोणालाही करता आलं असतं, पण विचारणं माझं काम होतं.

तिसरं, लाइट घालवून बघण्याची चाचणी मेमध्येच करायला हवी होती. आम्ही रेंज घालवून बघितली, फोन पाण्यात बुडवून बघितला, लाइट घालवून बघितली नाही. नागपूर जिल्ह्यात राहून हे सुचू नये याचं उत्तर माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात बिलाच्या कामाने जॅकवेलवर गेलो होतो. काका रजेवर होते. पॅनल रूममध्ये, दाराच्या मागे एका खिळ्याला तीन किल्ल्यांचा जुडगा लटकलेला होता, नवीन कापलेला, लोखंडाची चकाकी अजून गेलेली नव्हती. ऑपरेटर म्हणाला, "काका नसले की अडते ना भाऊ, म्हणून डुप्लिकेट करून ठेवल्या." मी फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांनी त्याच संध्याकाळी जुडगा ताब्यात घेतला, आणि एका पंपावर दोन जणांनी आपापलं कुलूप लावता येईल अशी पट्टी मागवली आहे. ती अजून आलेली नाही.